हिऱ्याची अंगठी: ऑनलाइन की सराफाकडे?

ऑनलाइन अंगठी स्वस्त दिसते, पण बऱ्याचदा दोन्हीकडचे हिरे सारखे नसतात.

१. आधी सराफाकडे नुसती बघायला जा. कॅरट (हिऱ्याचं वजन), रंग, शुद्धता (हिऱ्यात डाग-रेषा किती), कट (पैलू किती नीट पाडलेत) आणि प्रमाणपत्र देणारी प्रयोगशाळा लिहून आणा.

२. ऑनलाइन हेच पाच निकष लावा. प्रयोगशाळा वेगळी असेल तर तुलना सोडा. एकीचा ‘जी’ रंग दुसरीकडे ‘एच’, म्हणजे एक पायरी खालचा, ठरू शकतो.

३. कुठूनही घेतली तरी प्रमाणपत्राचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासा. हिऱ्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असेल तर तोही १० पट भिंगाखाली जुळवा (कोंदणाखाली तो कधीकधी झाकला जातो).

मात्र पूर्ण वेढ्यात हिरे जडवलेली अंगठी ऑनलाइन मागवू नका. माप चुकलं तर ती सहसा लहान-मोठी करता येत नाही.