शेंगा चटणीच्या बरणीतला नेचा

सोलापूरच्या उन्हात नेचा, म्हणजे फर्न, जगत नाही, असं मला रोपवाटिकेत दोनदा ऐकवलं. आमच्या वाड्यातल्या आडाला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. आतल्या चुन्याच्या भिंतीवर त्याची लांब हिरवी पिसं मी लग्न होऊन आल्यापासून बघते आहे. लावली कुणीच नाहीत.

तोच नेचा बरणीत उगवायचा तर आधी त्याचं पान उलटं करून बघा. आडातल्या या जातीचं नाव टेरिस व्हिटाटा. पातीच्या दोन्ही कडा खाली मुडपलेल्या असतात आणि त्या मुडपीत तपकिरी रेघ असते. बाकी नेच्यांत रेघेऐवजी बहुधा ठिपके दिसतात. ही कीड नव्हे. शेजारच्या अक्कांनी कीड समजून एकदा सगळी पानं खुडली होती, म्हणून मुद्दाम सांगते. नेच्याला फूल नाही, बी नाही. या रेघेतल्या बारीक पिशव्यांत धुळीसारखे बीजाणू असतात, त्यांतूनच पुढचं रोप येतं. रेघ हिरवट असेल तर थांबा, गडद तपकिरी झाली की पान तोडा.

पान कोऱ्या कागदाच्या घडीत दोन दिवस ठेवा, पंखा बंद. पिशवी सुकली की तिची जाड कड मागे ताणली जाते आणि ज्वारीवरची पाखरं हाकायच्या गोफणीसारखी झटक्यात पुढे येते. कागदावर भुकटी पडते. कागद तिरपा करून हलकी टिचकी मारा, कचरा घसरतो आणि बीजाणू चिकटून राहतात.

बरणी मी शेंगा चटणीची घेते. तेलाचा अंश राहता कामा नये, दोनदा गरम पाण्याने धुवा. आत जुन्या विटेचा तुकडा, त्यावर उकळतं पाणी. पहिल्या वर्षी मी हे टाळलं आणि आठवड्यात विटेवर पांढरी बुरशी आली. वीट गार झाली की भुकटी अगदी चिमूटभर, रांगोळीसारखी विरळ सोडा. दाटी झाली तर पुढची वाढ खुरटते आणि बहुतेक नरच निपजतात. तळाशी बोटभर पाणी, झाकण घट्ट. बरणी उजेडात ठेवा, उन्हात नाही. दुसऱ्या वर्षीची माझी गच्चीवर शिजली. पेरायला आषाढीनंतरचे दिवस बरे.

काही आठवड्यांत विटेवर हिरवी झाक येते. पुढे त्यातून विड्याच्या पानाच्या आकाराच्या, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या चकत्या होतात. हा अजून नेचा नाही. हा प्रोथॅलस, म्हणजे मधली वेगळी पिढी. त्याच्या खालच्या बाजूला खाचेजवळ मादी अवयव आणि मुळांसारख्या तंतूंत नर अवयव असतात. नरपेशी पोहत मादीपेशीकडे जाते, त्यामुळे पाण्याचा पातळ थर नसेल तर सगळं तिथेच अडतं. एक पिढी आड ही अदलाबदल १८५१ साली विल्हेल्म होफमाइस्टर या जर्मन माणसाने उलगडून मांडली. तो घरच्या पुस्तकव्यवसायात काम करत स्वतःच शिकलेला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तेव्हा चकत्या दिसल्या की आठवड्यातून एकदा उकळून गार केलेलं पाणी वरून फवारा. नळाला चार दिवसांआड पाणी येतं म्हणून हात आखडू नका, वाटीभरही लागत नाही.

मग चकतीच्या खाचेतून एक गोलसर पान वर येतं. ते आईसारखं मुळीच दिसत नाही, तण समजून उपटू नका. तीन-चार पानं झाली की रोप विटेच्या चुऱ्यात आणि कुजलेल्या पालापाचोळ्यात हलवा, वर प्लास्टिकची पिशवी घाला आणि रोज थोडी जास्त उघडत जा. आडातल्या जातीला चुना मानवतो, कुंडीत जुन्या गिलाव्याचा खडा टाकला तरी चालेल.

एप्रिल-मे महिन्यांत माझी कुंडी माठाच्या तिवईखाली असते. माठ पाझरतो, तेवढं तिला पुरतं.