घरच्या टेनिस कोर्टवर शिकवायचंय? अटी आधी स्वतःच घाला

अमेरिकेत घरामागे स्वतःचं टेनिस कोर्ट असलं, तरी फी घेऊन तिथे शिकवायला सहसा झोनिंगची, म्हणजे कोणत्या भागात जागेचा काय वापर चालेल हे ठरवणाऱ्या स्थानिक नियमांखालची, परवानगी लागते. घरगुती व्यवसायाचे नियम बऱ्याच गावांत घराच्या आतल्या कामापुरतेच असतात. उघडं कोर्ट त्यात बसत नाही. मग विशेष परवाना, जाहीर सुनावणी आणि शेजाऱ्यांच्या हरकती. अर्ज अडतो तो बहुधा इथेच.

म्हणून अटी स्वतःच लिहून न्या.

१. प्लॅनिंग विभागात जाऊन आपल्या झोनला कोणता परवाना लागतो ते विचारा.

२. एका पानावर शिकवणीचे वार, वेळा आणि एका वेळचे विद्यार्थी लिहा. चारच्या वर नकोत. दोन बॅचमध्ये १५ मिनिटं मोकळी ठेवा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या एकदम जमत नाहीत. गाड्या ड्राइव्हवेवरच. फ्लडलाइट, स्पीकर, पाटी काही नाही. रविवारी सकाळी चेंडूची टकटक तर नकोच, तेवढ्यावरून चांगले शेजारी बिघडतात.

३. सुनावणीची नोटीस पोचण्याआधी ते पान घेऊन शेजाऱ्यांना भेटा. सुचवतील ते बदल करा, सह्या घ्या.

४. पान अर्जाला जोडा.

एक लक्षात ठेवा: घर एचओएमध्ये (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेत) असेल तर तिची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. गावाने परवाना दिला तरी तिचे नियम सुटत नाहीत. तेव्हा अर्जाची फी भरण्याआधी तिची नियमावली वाचा.