कॅरमचा स्ट्रायकर मारण्यापूर्वीचा मेंदू कसा मोजावा

बोट स्वतःहून हलवण्यापूर्वी साधारण दीड ते दोन सेकंद डोक्यावरील इलेक्ट्रोडमध्ये (त्वचेवर चिकटवलेल्या विद्युत संकेत टिपणाऱ्या चकत्यांमध्ये) एक संथ ऋण लहर, म्हणजे हालचालीच्या तयारीची विद्युत लहर, चढू लागते. मेंदूसंशोधक कॉर्नहुबर आणि डेके यांनी १९६५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. रोजच्या व्यवहारातील हालचालीवर ती टिपायची असेल, तर बडोद्यात कॅरमइतकी सोयीची कृती मला दुसरी दिसत नाही, कारण उत्तरायणात पतंगाला ढील देताना मान आणि खांदे इतके हलतात की स्नायूंचे संकेत मेंदूच्या संकेतांना झाकून टाकतात.

टाळूच्या मध्यावर सीझेड, डावीकडे सी३ व उजवीकडे सी४ (ही डोक्यावरील ठरलेल्या जागांची नावे), संदर्भासाठी कानांमागे आणि डोळ्यांची हालचाल टिपण्यासाठी डोळ्यांजवळ असे इलेक्ट्रोड लावावेत. टिचकी मारताना बोट सरळ होते, म्हणून ईएमजीचे (स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारे) इलेक्ट्रोड कोपराखाली हाताच्या मागील बाजूस बसवावेत. शून्य क्षण, म्हणजे हालचाल सुरू झाल्याचा क्षण, याच स्नायूवरून धरावा. स्ट्रायकरच्या आवाजावरून धरल्यास तो उशिराचा ठरतो.

खरी कसोटी फिल्टरची, म्हणजे ठरावीक मर्यादेहून संथ लहरी गाळून टाकणाऱ्या सोयीची, आहे. नेहमीच्या ईईजी नोंदीत (डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत संकेतांच्या नोंदीत) खालची मर्यादा बहुधा ०.५ किंवा १ हर्ट्झ ठेवतात आणि त्यात ही लहर जवळजवळ पुसली जाते, ती ०.०५ हर्ट्झ किंवा त्याहून कमी असावी. मात्र मर्यादा इतकी खाली नेली की घामामुळे होणारे संथ चढउतारही नोंदीत येतात, आणि मे महिन्यातील बडोद्यात घाम टळत नाही. त्यामुळे खोली आधीपासून थंड ठेवावी, शक्यतो प्रयोग हिवाळ्यातच करावा, आणि खेळाडूला केस धुऊन, तेल न लावता येण्यास सांगावे. (घरून चंपी करून आलेल्या डोक्यावर संपर्करोध (इलेक्ट्रोड व त्वचा यांमधील विद्युत रोध) पाच किलोओहमखाली आणणे हे वेगळेच कष्टाचे काम असते.)

‘मार’ असा इशारा देऊ नये, कारण इशाऱ्याची वाट पाहताना उमटणारी वेगळी लहर, जी मेंदूसंशोधक ग्रे वॉल्टर यांनी १९६४ मध्ये दाखवली, नोंदीत मिसळते. खेळाडूने नजर एका सोंगटीवर रोखावी, काही सेकंद शांत बसावे आणि वाटेल तेव्हा मारावे. पापण्या फटका मारून झाल्यानंतरच मिटाव्यात.

लहर जेमतेम दहा मायक्रोव्होल्टच्या आसपास असते, म्हणून किमान चाळीस-पन्नास स्वच्छ फटक्यांची सरासरी घ्यावी आणि पायारेषा (जिच्यापासून लहरीची उंची मोजायची ती पातळी) फटक्याआधीच्या अडीच ते दोन सेकंदांच्या टप्प्यावरून ठरवावी. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या आलेखात शेवटच्या सुमारे अर्ध्या सेकंदात सी३ वरील चढ सी४ पेक्षा तीव्र दिसायला हवा. तसा न दिसल्यास प्रथम ईएमजीवरून धरलेले शून्य क्षण एकेक करून तपासावेत.