पासवर्ड बदलूनही बँकेचे ई-मेल येत नव्हते : माझा अनुभव

ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या वडिलांच्या जीमेल खात्यावर बँकेचे ई-मेल अचानक येईनासे झाले आणि त्याच सुमारास त्यांच्या नावाने ओळखीच्या लोकांना पैसे मागणारे संदेश जाऊ लागले. पासवर्ड दोनदा बदलला, अँटिव्हायरस चालवला, स्पॅमचा कप्पा तपासला; उपयोग झाला नाही. तीन आठवडे बाबांना नीट झोप नव्हती, हे पाहणे फार क्लेशदायक होते.

खात्यात शिरलेल्या माणसाने एक फिल्टर (आलेल्या ई-मेलचे आपोआप काय करायचे हे ठरवणारा नियम) लावून ठेवला होता, ज्यामुळे बँकेचा प्रत्येक ई-मेल परक्या पत्त्यावर जाऊन इथून थेट कचरापेटीत पडत होता. पासवर्ड बदलल्याने असा फिल्टर पुसला जात नाही आणि मोबाइल ॲपमध्ये तो दिसतही नाही, म्हणून संगणकावरचा ब्राउझरच हवा.

तिथे 'सी ऑल सेटिंग्ज' उघडून 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस'मधील त्या फिल्टरचा पुराव्यासाठी स्क्रीनशॉट घेतला व तो काढून टाकला. मग 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप'मधील परका पत्ता काढला. त्यानंतर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात अनोळखी उपकरणे साइन आउट केली आणि रिकव्हरीचा, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला, फोन व ई-मेल तपासला. त्यातला एखादा परका राहिला तर नवा पासवर्डही पुन्हा बदलला जाऊ शकतो. मगच पासवर्ड बदलून टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर ओळखीची दुसरी खातरजमा) सुरू केले.

कचरापेटीतले ई-मेल ३० दिवसांनी कायमचे जातात. आमचे वेळेत परत मिळाले. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवली. पैसे गेले असतील, तर मात्र सर्वांत आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.