पेला वेगळा, रेझर मात्र एकच! या चुका टाळा

नाशिकला सिडकोत मामांकडे गेले होते. पाणी प्यायला पेला उचलला, तर मामी धावतच आल्या: "अगं तो नको, तो ह्यांचा." पेल्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. मामांना हिपॅटायटिस बी (विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार) निघाल्यापासून त्यांच्या ताट-वाटीलाही तसाच. आणि बाथरूमच्या खिडकीत रेझर एकच, बाप-लेकाचा मिळून!

ही चूक घरोघरी दिसते. एका ताटात जेवण, एकत्र धुतलेले कपडे, संडासाची सीट, डास, मिठी यातून हिपॅटायटिस बी पसरत नाही, एचआयव्हीही नाही. हिपॅटायटिस बी शरीरसंबंधातून पसरतो, तसाच रक्तातूनही. वाळलेल्या रक्तात त्याचा विषाणू किमान 7 दिवस तग धरतो. त्यामुळे वेगळं काय ठेवायचं, तर रेझर, नेलकटर, दातांचा ब्रश. घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावं आणि लागण नसलेल्यांनी लस टोचून घ्यावी. मोठ्यांना 3 डोस लागतात: पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. मामींनी नवा रेझर आणला. ठिपके काही पुसले नाहीत.

दुसरी चूक जास्त महागात पडते. बायकोला गोळ्या आणि नवरा म्हणतो, "मला कुठे काय होतंय?" गनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या गुप्तरोगांत पुरुषाला अनेकदा काहीच जाणवत नाही. ती बरी होते, त्याच्याकडून तिला पुन्हा लागण होते, आणि दोष औषधाला. गोळ्या दोघांनी, पूर्ण घ्यायच्या. डॉक्टर सांगतील तोवर संबंध टाळायचे. मेडिकलवाल्याला विचारून अर्धवट कोर्स तर नकोच. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे दरवेळी गुप्तरोग नव्हे, साधं बुरशीचं इन्फेक्शनही असतं. तपासणीआधी संशयावरून भांडू नका.

"रामकुंडावरच्या संडासातून लागलं असेल" हे कारणही ऐकलंय. गनोरिया असा लागत नाही. ही थाप खपली की जोडीदाराची तपासणी तेवढी राहून जाते.

खरूज मात्र अंथरुणातूनही पसरते, तिथे औषध अख्ख्या घराने एकाच वेळी लावायचं. ओठावर नागिणीसारखे फोड आले असतील तर तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नका. तो हर्पिस, म्हणजे स्पर्शातून पसरणारा विषाणूचा आजार, असू शकतो.

घरात कुणी गरोदर असेल तर एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्ही तपासण्या सुरुवातीलाच करा. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला 24 तासांच्या आत लस मिळायलाच हवी. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मोफत होतं. तिथे जायला संकोच वाटत असेल तर आधी 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, तोही मोफत आहे.