झिपलॉक पिशवीत मटार आणि ओलं खोबरं सुटं कसं राहील

फ्रीजरमधल्या मटाराचा दगड होतो, नाहीतर दाणे सुरकुतून त्यांवर बर्फाची भुकटी जमते. दगड होतो तो दाण्यांवर राहिलेल्या पाण्यामुळे आणि सुरकुततात ते पिशवीत कोंडलेल्या हवेमुळे. म्हणून खरी मेहनत पिशवी बंद करण्याआधीच करायची असते.

पिशवी फूड-ग्रेड आणि जाडच घ्या, पातळ पिशवी थंडीत कडक होऊन कोपऱ्यात चिरते. सरकत्या क्लिपची पिशवी उघडायला सोपी असते, पण क्लिप जिथे थांबते त्या टोकाशी बारीक फट राहते. आमरस किंवा सार ठेवायचं असेल तर बोटांनी दाबून लावायची पट्टीच बरी.

एक किलो शेंगांतून साधारण 400 ते 450 ग्रॅम दाणे निघतात. एवढ्या दाण्यांना दोन लिटर पाणी खळखळ उकळू द्या. दाणे टाकल्यावर पाणी पुन्हा उकळलं की तिथून दीड मिनिट मोजा आणि लगेच उपसून बर्फाच्या पाण्यात घाला. हा चटका टाळू नका. कच्च्या दाण्यांतली एन्झाइम्स फ्रीजरमध्येही हळूहळू काम करत राहतात. रंग उतरतो, गोडी जाते. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा मात्र घालू नका, सालं मऊ पडून दाणा पिचतो.

आता वाळवणं, आणि सगळं बिघडतं ते इथेच. दाणे निथळून सुती पंचावर पसरा, पंख्याखाली वीसेक मिनिटं ठेवा. मूठभर उचलून सोडले की तळहाताला ओल लागता कामा नये. मग ताटात एकेरी थर देऊन दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. दाणे गोट्यांसारखे खडखडू लागले की पिशवीत भरा.

भरताना पिशवी उंच डब्यात उभी करून तिचं तोंड डब्याच्या काठावर बाहेर दुमडा. पट्टीच्या खाचेत एक दाणा किंवा खोबऱ्याचा कीस अडकला तरी ती लागत नाही, आणि वरून बघितलं तर लागल्यासारखीच दिसते. भरून झाल्यावर पिशवी आडवी करा, तळाकडून तोंडाकडे हात फिरवत हवा काढा, शेवटचं बोटभर तोंड बंद करायच्या आधी पुन्हा दाबा. पट्टीवरून चिमटीने दोनदा जा. रसासाठी वेगळी युक्ती आहे: पिशवी उघड्या तोंडाने पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवा, तोंड तेवढं वर ठेवा. पाण्याच्या दाबाने हवा आपोआप निघून जाते. रस गोठताना फुगतो, म्हणून वर दोन बोटं जागा सोडा. गरम काही भरू नका. वाफेचं पाणी होतं आणि त्याचा बर्फ.

खोबऱ्याचं काम सोपं आहे. नारळ खवताना करवंटीलगतची तपकिरी साल येऊ देऊ नका. पिशवीत एक सेंटीमीटर जाडीचा चपटा थर करा, हवा काढा आणि उलथन्याच्या कडेने बाहेरूनच दाबून आडव्या-उभ्या रेघा पाडा. गोठल्यावर वडीसारखा एक तुकडा मोडून थेट आमटीत टाकता येतो. खोबऱ्यात तेल भरपूर, हवा राहिली तर खवट वास येतो. दोन-तीन महिन्यांत संपवा.

तारीख भरण्याआधीच लिहा, थंड ओलसर प्लास्टिकवर शाई धरत नाही. बराच वेळ वीज गेली आणि नंतर मटाराची पिशवी हलवून दाणे सुटे वाजले नाहीत, तर ते मध्येच वितळून गेले आहेत असं समजा. वितळलेले दिसले तर थंड आहेत तोवर त्याच दिवशी शिजवून टाका.

मटार-खोबऱ्याची पिशवी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, उलटी करून बाटलीवर वाळवली की पुन्हा चालते. कच्ची मासळी किंवा मटण ठेवलेली पिशवी मात्र टाकूनच द्या. पट्टीच्या खाचेतला रस घासून निघत नाही.