निनावी ईमेल कोठून आला, हे कसे शोधावे

काही वर्षांपूर्वी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्व सभासदांना खजिनदारांच्या नावाने एक ईमेल आला. त्यात कार्यकारिणीने पैसे खाल्ल्याचे आरोप होते. समोर दिसणारा पत्ता अक्षरन् अक्षर खजिनदारांचाच असल्यामुळे 'हा मी पाठवलेला नाही' हे त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेईना. पुढे एका सभासदाच्या संगणकावर तो ईमेल मूळ स्वरूपात उघडून पाहिला, तेव्हा 'रिटर्न-पाथ' (न पोहोचलेले पत्र जेथे परत जाते तो पत्ता) भलत्याच डोमेनचा, म्हणजे '@'नंतरच्या वेगळ्याच नावाचा निघाला आणि 'डीमार्क' या पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या तपासणीसमोर 'फेल' असे लिहिलेले आढळले. पाच मिनिटांच्या या तपासणीअभावी एका सरळ माणसावर बालंट आले होते, आणि म्हणूनच ही पद्धत प्रत्येकाला माहीत असावी असे मला मनापासून वाटते.

ईमेल पोहोचवण्याची जी नियमावली आजही वापरात आहे, तिचा पाया १९८२ साली घातला गेला आणि पाठवणाऱ्याने लिहिलेले नाव खरे आहे की नाही, हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार आहे. मात्र वाटेतला प्रत्येक सर्व्हर (पत्र पुढे पोहोचवणारा संगणक) पत्रावर आपला शिक्का उमटवतो, आणि हे शिक्के ज्या भागात असतात त्याला हेडर म्हणतात.

हेडर पाहण्यासाठी जीमेल संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडावे, ईमेलच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर क्लिक करून 'शो ओरिजिनल' निवडावे. याहूमध्ये याच सोयीला 'व्ह्यू रॉ मेसेज' म्हणतात. तत्पूर्वी त्या ईमेलला उत्तर देऊ नये आणि त्यातील कोणत्याही दुव्यावर, अगदी 'अनसबस्क्राइब'वरही, क्लिक करू नये. तसे केल्यास आपला पत्ता चालू आहे, एवढे समोरच्याला आयतेच कळते.

जीमेलमध्ये उघडलेल्या पानावर सर्वांत वर एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का), डीकिम (डोमेनची डिजिटल सही जुळते का) आणि डीमार्क (दिसणारा पत्ता या दोहोंपैकी एकाशी तरी जुळतो का) या तीन तपासण्यांचे निकाल दिसतात. डीमार्क 'फेल' असेल तर दिसणारा पत्ता बनावट असल्याचा दाट संशय घ्यावा. मात्र फॉरवर्ड होऊन किंवा सामूहिक यादीतून आलेल्या खऱ्या पत्रालाही कधी कधी 'फेल' मिळते, हे विसरू नये. उलट तिन्ही ठिकाणी 'पास' असले म्हणजे पत्र प्रामाणिक आहे, असेही नव्हे. पत्र त्या डोमेनवरून आले, इतकेच त्यातून सिद्ध होते, आणि ठकसेन स्वतःचे डोमेन रीतसर विकत घेऊ शकतो. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवले, तर घाईत वाचणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणून डोमेनचे नाव एकेक अक्षर लावून वाचावे.

त्याखाली 'रिसीव्हड' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या असतात, कारण प्रत्येक नवा सर्व्हर आपली ओळ आधीच्या ओळींच्या वर लिहितो. अशा ओळीत 'फ्रॉम'पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरने स्वतःचे सांगितलेले नाव असते, कंसात स्वीकारणाऱ्या सर्व्हरला प्रत्यक्ष दिसलेला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील यंत्राचा क्रमांक, असतो (समजा, २०३.०.११३.२५), आणि शेवटी वेळ असते. नाव खोटे सांगता येते, कंसातला आकडा मात्र स्वीकारणाऱ्याने लिहिलेला असतो. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: आपल्या ईमेल सेवेच्या सर्व्हरने बाहेरून पत्र स्वीकारताना लिहिलेली ओळच खात्रीची असते, तिच्याखालच्या ओळी पाठवणाऱ्याने आधीच रचून ठेवलेल्या असू शकतात. १० किंवा १९२.१६८ने सुरू होणारे आकडे एखाद्या संस्थेच्या अंतर्गत जाळ्यातले असल्यामुळे त्यांचा शोध घेण्यात अर्थ नाही.

मिळालेला आयपी पत्ता 'हूइज' (पत्ता कोणाच्या नावावर नोंदलेला आहे हे सांगणाऱ्या) शोधात टाकावा. आशिया-प्रशांत भागातील पत्त्यांची नोंद एपनिक ही संस्था ठेवते. तो पत्ता कोणत्या कंपनीच्या ताब्यात आहे आणि गैरवापराची तक्रार कोठे करायची, हे त्या नोंदीत दिसते. या शोधाची मर्यादा येथेच येते. जीमेलच्या संकेतस्थळावरून पाठवलेल्या पत्रात पाठवणाऱ्याचा नव्हे, तर गूगलच्या सर्व्हरचा पत्ता असतो. मोबाइल इंटरनेटवर एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहक वापरत असतात. आणि नकाशावर दिसणारे शहर बहुतेकदा कंपनीच्या यंत्रणेचे असते. तेवढ्यावरून शेजाऱ्याचे किंवा जुन्या सहकाऱ्याचे नाव घेणे हा अन्याय ठरेल.

माणसाचे नाव ईमेल किंवा इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडेच मिळू शकते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली पोलीस ते मागवू शकतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस जपणे बंधनकारक आहे, तेव्हा तक्रारीला उशीर करू नये. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० क्रमांकावर फोन करावा. इतर तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात द्यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे आक्षेपार्ह संदेशांबाबतचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले असल्याने अर्जात त्याचा आधार घेऊ नये. तोतयेगिरी करून फसवणूक झाली असल्यास ६६ड, आणि निनावी धमकी असल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१(४) लागू होऊ शकते.

पुरावा म्हणून केवळ स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण त्यात हेडर येत नाही, आणि ईमेल नुसता फॉरवर्ड केला तरी मूळ हेडर हरवते. म्हणून 'डाउनलोड ओरिजिनल' करून ती फाइल जशीच्या तशी जपावी आणि मूळ ईमेल स्पॅममधून इनबॉक्समध्ये हलवावा, कारण जीमेल स्पॅममधील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३नुसार द्यावयाच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली खूण) नोंदवावे लागते आणि फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ते मूल्य बदलते, त्यामुळे ती फाइल संपादकात उघडून पुन्हा 'सेव्ह' करण्याचा मोह टाळावा.